मदत हवी आहे: पावसाळी मुक्कामासाठी न दुमडणारी सुरी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. वेल्हे-मुळशीकडे मुक्कामी जाताना भाजी चिरायला, दोर कापायला, चुलीसाठी काटक्या सोलायला सुरी हवी आहे. शिकारीसाठी नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे आणि ते योग्यच आहे.

पातं चार इंचांचं पुरे. अडलंय ते पोलादावर. कार्बन स्टीलला घरच्या दगडावरही छान धार लागते, पण सह्याद्रीच्या पावसात ओली राहिली की गंज चढलाच. स्टेनलेसमध्ये मोरा कम्पॅनियन आवडली, मात्र तिचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. पाठीवर लाकडाने ठोकून काटक्या फोडल्या तर ती टिकेल का? कुणी वापरली असेल तर जरूर सांगा.

पुण्यात हातात धरून बघता येईल असं दुकान किंवा अखंड पोलादाची सुरी घडवणारा चांगला लोहार माहीत आहे का?