मिंट म्हणजे हिरवा उबुंटू? कालच्या प्रतिसादाला उत्तर

शनवारकर (धागालेखक)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून "जुन्या लॅपटॉपवर काय टाकू" हा प्रश्न इथे दर आठवड्याला येतोय. काल तसाच एक धागा आला. मी मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारं, उबुंटूवर बांधलेलं लिनक्स. त्यावर 'कर्नल_पॅनिक' यांनी लिहिलं, "मिंट म्हणजे उबुंटूला हिरवा रंग. आयत्या पिठावर रेघोट्या. २०११ मध्ये उबुंटू आणि ग्नोम घसरले म्हणून हे वर आले, स्वतःचं कर्तृत्व शून्य." (ग्नोम म्हणजे उबुंटू तेव्हा वापरत असे तो डेस्कटॉप, पडद्यावरची मांडणी.) रात्रभर डोक्यात होतं ते, म्हणून हा वेगळा धागा.

मिंट ऑगस्ट २००६ मध्ये आलं. क्लेमेंट लफेव्र हा मूळचा फ्रेंच, राहतो आयर्लंडमध्ये. त्याने आधी नवशिक्यांसाठी लेख आणि मदत देणारी वेबसाइट काढली, डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, नंतर आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लोक कुठे अडतात ते त्याला आधी कळलं होतं. त्या काळात लिनक्स टाकलं की पहिल्याच संध्याकाळी एमपीथ्री वाजायचं नाही, डीव्हीडी लागायची नाही, फ्लॅश नाही. मग कोडेक, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालवणारे भाग, शोधत बसा. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या मिंट २ 'बार्बरा'मध्ये या गोष्टी आधीच घातलेल्या होत्या. टाकलं की गाणं वाजायचं.

आता २०११. एप्रिलमध्ये ग्नोम ३ आलं, त्याच महिन्यात उबुंटू ११.०४ युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप घेऊन आला. दोघांनीही लोकांच्या सवयीची मांडणी मोडली. घसरले, मान्य. पण त्या वेळी शंभर डिस्ट्रो होत्या, फायदा मिंटलाच का झाला? कारण बाकीचे चर्चा करत असताना यांनी काम केलं. जुन्या ग्नोम २ ला पुढे चालवणाऱ्या माटे डेस्कटॉपला जवळ केलं, ग्नोम ३ चा कोड घेऊन सिनॅमन हा वेगळा डेस्कटॉप उभा केला, मे २०१२ मध्ये मिंट १३ दोन्ही घेऊन आलं. आज फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोचीही सिनॅमन आवृत्ती निघते. नुसता रंग फासणाऱ्याचा डेस्कटॉप दुसरे कशाला घेतील?

आणि घरची गोष्ट. बाबा बँकेतून निवृत्त. त्यांची कॉम्प्युटरची एक दोनशे पानी वही होती. शाईच्या पेनाने लिहिलेलं, "खाली डाव्या कोपऱ्यात टिचकी. मग प्रोग्रॅम्स. मग खेळ. मग पत्ते." २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला म्हणून मी त्यांच्या मशीनवर आधी एक वेगळं लिनक्स टाकलं, डाव्या कडेला उभी पट्टी असलेलं. त्या दिवशी ती वही निकामी झाली. आठवडाभर त्यांनी मशीनला हात लावला नाही आणि मला एका शब्दाने बोललेही नाहीत. जूनमध्ये मिंट १७ माटे टाकलं. बाबांनी वही उघडली, खाली डाव्या कोपऱ्यात टिचकी मारली, मेनू उघडला. 'प्रोग्रॅम्स'ची ओळ खोडली, बाकी तसंच ठेवलं.

माणसाची सवय हिसकावून घ्यायची नाही, हे मिंटचं कर्तृत्व. ते शून्य आहे असं मला कुणी सांगू नये.

कर्नल_पॅनिक

मी मिंट वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. पीठ कुणाचं, एवढंच विचारलंय. १९९३ पासून डेबियन या डिस्ट्रोचे लोक पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रॅम, बांधतायत. त्यावर २००४ मध्ये उबुंटू उभा राहिला. मिंटवर आज अपडेट दाबलं की बहुतेक पॅकेजेस येतात ती उबुंटूच्याच भांडारातून. हे बोललं की लगेच कर्तृत्व काढता.

तुमची वही, तर माझं पाकीट. २००६ साली मी हॉस्टेलवर होतो. सातशे एमबीची आयएसओ (सीडीवर टाकायची फाइल) उतरवायला नेट होतं कुणाकडे? उबुंटूच्या साइटवर पत्ता भरला आणि काही आठवड्यांनी पोस्टमन उबुंटू ६.०६ च्या सीड्यांचं पाकीट घेऊन दारात. एक पैसा द्यावा लागला नाही. पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर हसरी माणसं. एक ठेवली, बाकीच्या मेसमध्ये वाटल्या. आमच्या मजल्यावरची निम्मी पोरं त्या सीडीमुळे लिनक्सवर आली. नवशिक्यांना दार उघडून दिलं ते त्यांनी, २०११ पर्यंत स्वतःच्या खिशातून टपाल भरून. तेव्हा मिंट कुठे होतं?

कोडेकचं कौतुकही जरा बेताने करा. उबुंटूमागे कंपनी आहे, पेटंटचा खटला तिच्यावर येणार. छोट्या प्रकल्पाला कोण कोर्टात खेचतंय? आणि मिंट १८ पासून, म्हणजे २०१६ पासून, मिंटनेही कोडेक आयएसओतून काढून टाकले. आता इन्स्टॉल करताना खूण करावी लागते. उबुंटूत हीच खूण कित्येक वर्षं होती.

शिवाय 'सर्वांत लोकप्रिय' म्हणून ज्या डिस्ट्रोवॉच या साइटचा दाखला मिंटवाले देतात, तिथे पानावरचे क्लिक मोजतात. किती मशीनवर बसवलंय ते नाही.

हडपसर_आयटी

कंपनी मागे आहे म्हणूनच तर ताप आहे. उबुंटू २०.०४ मध्ये एपीटीने, म्हणजे नेहमीच्या भांडारातून, क्रोमियम ब्राउझर मागा, हातात उबुंटूच्या कंपनीच्या वेगळ्या दुकानातलं स्नॅप पॅकेज येतं. न विचारता. मला स्नॅप हवं की नको हा नंतरचा प्रश्न, पण मी एका दुकानात मागितलेली वस्तू परस्पर दुसऱ्या दुकानातून का यावी? जून २०२० च्या मिंट २० ने स्नॅप चालवणारा स्नॅपडी दारातच अडवला, आणि का अडवला ते स्पष्ट लिहिलं. ज्याला हवं त्याने एक फाइल काढून बसवावं. याला म्हणतात वापरणाऱ्याला मान देणं.

डिस्ट्रोवॉचबद्दल मात्र कर्नलसाहेब बरोबर आहेत. तो आकडा सोडा आता.

कर्नल_पॅनिक

मान? २० फेब्रुवारी २०१६ आठवतो का? मिंटची वेबसाइट फोडून १७.३ सिनॅमनच्या लिंकवर मागचं दार असलेली आयएसओ लावली होती. फोरमचा डेटाबेसही गेला. नवशिक्याला चेकसम (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा आकडा) तपासायचा असतो हे कोण सांगतं? तो लिंक दाबतो आणि मोकळा होतो. नवशिक्यांचं नाव घ्यायचं असेल तर घराची कडी आधी नीट लावा.

शनवारकर

ते मान्य. त्याचं समर्थन मी करणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ब्लॉगवर सगळं कबूल केलं, एवढं नोंदवतो. कोडेकचा आणि डिस्ट्रोवॉचचा मुद्दाही घेतला. पाकिटाचाही घेतो, ते मोठंच काम होतं. पण तुमच्या मेसमधल्या पोरांनी २०११ नंतर काय वापरलं तेही सांगा की.

कर्नल_पॅनिक

काहींनी मिंट. विषय तो नाही.

छापखाना

तुमचं हिरवं-निळं चालू द्या. नवशिक्यांसाठी, नवशिक्यांसाठी म्हणून गजर लावलाय, मराठीचं काय ते एकानेही लिहिलेलं नाही. नारायण पेठेत माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दोन दिवाळी अंक. २६ वर्षांच्या फायली आहेत, सगळ्या पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या मराठी फॉन्टात. भाच्याने मोठ्या हौसेने मिंट टाकून दिलं. फाइल उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस. ग्राहक समोर बसलेला, मुहूर्त आठ दिवसांवर. संध्याकाळी विंडोज परत टाकलं.

तीस वर्षं मशीनवर बसतोय, आणि तुमच्या लिनक्सपुढे मी नवशिक्याहून खाली.

इन्स्क्रिप्टवाली

यात लिनक्सचा काय दोष? तुमच्या फायलींत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्टने त्यांना वरून मराठी वेष चढवलाय. फॉन्ट गेला की वेष गेला. उद्या विंडोजवरही तो फॉन्ट चालेनासा झाला की हेच होणार.

मी भाषांतराचं काम करते, दिवसाला दोन-अडीच हजार शब्द, सगळं मिंटवर आणि इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत. वेगळं काही बसवावं लागत नाही. कीबोर्ड, लेआउट, मराठी, झालं. एच, जी, शिफ्ट-सी, एस दाबलं की 'पुणे'. आणि मला खरा राग येतो तो 'दुसर्या', 'पुणेर्या' असं लिहिणाऱ्यांचा. शिफ्ट-जे ने नुक्त्याचा ऱ, मग डी ने हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य, मग ई ने काना. आला की 'ऱ्या' नीट. चार कळा! तरी वर्तमानपत्रांपासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे रफार. छापखानेवाल्यांनीच जुने फॉन्ट कवटाळून मराठीचं हे नुकसान केलंय. एक महिना बसून इन्स्क्रिप्ट शिकला असतात तर आज ही वेळ आली नसती.

छापखाना

बाई, जरा जपून. माझ्या दिवाळी अंकात एक 'ऱ्या' चुकलेला दाखवा, पानामागे शंभर रुपये देतो. मराठीचं नुकसान म्हणे. तुमचं युनिकोड (मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत) नव्हतं तेव्हा याच फॉन्टांनी मराठी छापली. माझे दोन ऑपरेटर रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, शिकलेत, सरकारी टायपिंगच्या परीक्षा देऊन. एकाचं वय ५४. त्याला सांगू, महिनाभर बोटं विसर? त्या महिन्याचा पगार तुम्ही देणार का?

सीए_कोथरूड

माझ्याकडे ऑफिसात डिजिटल सहीच्या टोकनसाठी एक विंडोज मशीन ठेवावंच लागतं, एका पोर्टलवर लिनक्समधून सही होतच नाही. बाकी चार मशीन मिंट. सगळं एकाच दिवशी बदला असं कुणी सांगितलंय? छापखान्यात जुन्या फायलींसाठी एक जुनं मशीन राहू द्या की.

शनवारकर

इन्स्क्रिप्टवाली ताई, इन्स्क्रिप्ट चांगलंच आहे, मीही तेच वापरतो. पण इथे मी छापखानाकाकांच्या बाजूने. ५४ वर्षांच्या ऑपरेटरची बोटं म्हणजे बाबांची वही. 'महिनाभर शिका' हेच २०११ मध्ये ग्नोमवाले सांगत होते, आणि त्यावरच तर मी हा धागा काढलाय.

काका, रेमिंग्टन सोडायची गरज नाही. आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन पॅकेज बसवा, मराठीच्या यादीत इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन आहेत, तसं रेमिंग्टनही आहे. बोटं तीच, आत मात्र युनिकोड. नव्या कामापुरतं तरी करून पाहा.

इन्स्क्रिप्टवाली

रेमिंग्टन असतं हे मला माहीत होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं की कुणी शिकत नाही. ठीक आहे, ऑपरेटरच्या वयाचा विचार मी केला नव्हता. फॉन्टांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

कर्नल_पॅनिक

काका, लिबरऑफिस हा ऑफिसचा प्रोग्रॅम ४.४ पासून पेजमेकरच्या फायली उघडतो. अक्षरं तीच इंग्रजी दिसतील, पण चौकटी, चित्रं, मांडणी हाती लागते. पानं लावायला स्क्रायबस १.६ घ्या, जानेवारी २०२४ चा. त्याआधीच्या १.४ मध्ये जोडाक्षरं तुटायची, म्हणून कुणी जुना दिला तर घेऊ नका. आणि भारतीय लिप्यांचं हे जे चालतंय त्यातलं पुष्कळसं इथेच, रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात झालंय. लोहित फॉन्ट त्यांनी २००४ मध्ये खुले केले. त्यात मिंटने काडीही उचललेली नाही. हे माझं पीठ!

शनवारकर

पीठ तुमचं. मान्य. त्याच पिठाची भाकरी बाबांच्या ताटात मिंटने वाढली, एवढं तुम्ही मान्य करा.

कर्नल_पॅनिक

वाढली. रंगाबद्दलचं वाक्य मागे घेतो, रेघोट्यांचं नाही.

छापखाना

रविवारी दुकान बंद होतं, म्हणून पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिलं, मशीनला धक्का न लावता. रेमिंग्टन सापडलं. ऑपरेटरला घरून बोलावलं, त्याने एक पत्रिका न थांबता टाइप केली. 'ऱ्या' बरोबर आला, ताईंनी नोंद घ्यावी. पण ल आणि श हिंदी वळणाचे येतायत. शेंडीचा श आणि पाकळीचा ल नसेल तर पत्रिका मी ग्राहकाला देऊ शकत नाही. लोक परत आणतात.

इन्स्क्रिप्टवाली

बरोबर हट्ट आहे तुमचा, मीही तसला ल चालवून घेत नाही. मराठी वळण फॉन्टमध्येच असतं, पण मजकूर मराठी आहे हे त्याला सांगावं लागतं. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, भाषा, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा हिंदी असेल, ती मराठी करा. आधी टाइप केलेला मजकूर निवडून त्याचीही भाषा बदला.

छापखाना

केलं. ल आला. श पण आला. प्रूफ काढून भिंतीला लावलंय.

२६ वर्षांच्या फायलींचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.