विषय: भूकंप ड्रिल: पोरं यंदा तरी जागी राहतील का?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षीची ड्रिल आठवत असेल. चाळीस मिनिटं स्लाइड्स, मग "चला, टेबलाखाली बसा", आणि टेबलाखाली बसून निम्मी पोरं फोनवर. ही सगळी हायस्कूलची, स्वयंसेवक म्हणून नाव दिलेली पोरं! शाळेत दर ऑक्टोबरला शेकआउट (भूकंपाचा सराव) करून त्यांना वाका-लपा-धरा पाठ झालंय. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंपाची भेग, आपल्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मधून जातो, हेही त्यांना माहीत आहे. घाबरवून उपयोग नाही. काय करावं, कुणी सुचवा.

प्रेषक: युवा गट (सर्टचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण घेतलेली ताई)

सचिवसाहेब, मध्यंतरानंतर मी जे केलं ते तुम्ही पाहिलं नाहीत, चहाच्या रांगेत होतात. :)

ट्रायाजची, म्हणजे कुणाला आधी मदत हवी ते झटपट ठरवायची, स्टार्ट पद्धत घेतली. लाल म्हणजे लगेच मदत, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ. आधी ओरडायचं, "चालता येतंय त्यांनी या भिंतीकडे या." ते हिरवे. उरलेल्यांकडे एकेक करून जायचं: श्वास मिनिटाला तीसच्या वर? लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त? लाल. साधी सूचना पाळता येत नाही? लाल. तिन्हींत पास तो पिवळा. माणशी अर्धा मिनिट, त्यापेक्षा जास्त रेंगाळायचं नाही.

जखमी म्हणून आपले ज्येष्ठ बसवले होते. माझ्या सासूबाईंच्या चिठ्ठीवर "पाय मोडलाय, बाकी ठणठणीत". श्वास ठीक, नख ठीक. मग पोरगा म्हणाला, "स्क्वीझ माय हँड." सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. पुन्हा तेच, जरा मोठ्यानं. पोरानं लाल पट्टी बांधली आणि पुढे गेला. त्या मागून ओरडल्या, "अरे बाळा, काय करू ते मराठीत सांग की!"

अख्खा हॉल हसला, पण पोरगा परत आला. "आजी, माझा हात दाबा." त्यांनी असा दाबला की तो कळवळला. पट्टी पिवळी झाली. त्यानंतर तासभर एकाही पोरानं फोन काढला नाही. मराठी शाळेला दांडी मारणारे दोघे येऊन विचारत होते, 'श्वास घ्या' आणि 'कुठं दुखतंय' कसं म्हणायचं.

म्हणून यंदा स्लाइड्स शून्य. खरी माणसं, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी, आणि चिठ्ठीत एक अडचण पोरांना न सांगितलेली: ऐकू कमी येतं, मुलाला सोडून हलणार नाही, वगैरे. बीट आणि कॉर्न सिरपचं रक्तही करते.

प्रेषक: लातूरकर काका

ताई, रक्ताचं सोंग मला पटत नाही. १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक निजलेले, पहाटे ३.५६ ला गावं बसली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. आम्ही पोरं मदतीला धावलो खरं, पण ढिगाऱ्यावर चढून नुसता गोंगाट करत होतो. एका म्हाताऱ्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, तेव्हा कुठं खालची हाक ऐकू आली.

पोरांना हे शिकवा. हाक मारायची, मग गप्प बसून ऐकायचं.

प्रेषक: युवा गट

काका, रक्त रद्द. तुमचंच घेऊ. आणि आपल्याकडे ढोलपथक आहे! पथकप्रमुखाचा हात वर गेला की तीस ढोल एका ठोक्यावर थांबतात. तीच खूण वापरू. स्टेजमागच्या खोल्यांत दोघं लपून हळू टकटक करतील. हात वर, सगळं चिडीचूप, आवाज कुठून येतोय ते सांगा.

दुसरा खेळ तरफ आणि ओंडक्यांचा: जड पेटीखालून पुतळा काढायचा. इंचभर उचला, लगेच इंचभर ओंडके सरकवा. घाई केली की पेटी बसते. गॅसची चावी मात्र फक्त दाखवायची, कुणीही खरी फिरवायची नाही. एकदा बंद केली की पुन्हा कंपनीच्याच माणसाला बोलवावं लागतं, आणि त्या दिवशी हॉलमध्ये शंभर जणांचं जेवण आहे.

प्रेषक: पथकातला एक (अकरावी)

काका, ताई, एक रिक्वेस्ट. गेल्या वर्षी ड्रिलनंतर मोठ्यांनी वीस मिनिटं आमच्या चुका सांगितल्या. यंदा आधी आम्ही बोलू, आमचं काय चुकलं ते. मग जखमी लोक बोलतील. तुम्ही शेवटी. आणि वॉकीटॉकी आमच्याकडे द्या प्लीज. मागच्या वेळी निरोप तोंडी फिरता फिरता 'दोन लाल'चे 'दहा लाल' झाले होते, कानगोष्टीसारखे.

प्रेषक: सचिव

मान्य. वॉकीटॉकी सहा आहेत, चार्जिंग तुम्हीच करायचं. काकांनी ढिगाऱ्याच्या खेळाची सूत्रं घ्यावीत ही विनंती. जखमी म्हणून आठ ज्येष्ठ हवेत, नावं गुरुवारपर्यंत कळवा.

प्रेषक: युवा गट

सातच हवेत. सासूबाईंनी पहिलं नाव दिलंय. म्हणाल्या, यंदा बेशुद्ध कर, गेल्या वर्षी फार बोलावं लागलं.