उबंटू २६.०४ येतेय: पोस्टग्रेस आधी वर न्यावं की ओएससोबत?

विदागार
बरेच सर्व्हर अजून उबंटू २२.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर (ओएस) आहेत आणि त्यावर पोस्टग्रेस १४ हे डेटाबेस सॉफ्टवेअर चालतंय. २६.०४ एप्रिल २०२६ मध्ये येणार, तर १४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ मध्ये संपणार. माझं मत: ओएसची वाट पाहू नका. आहे त्याच २२.०४ वर, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या एपीटी रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या भांडारातून) आत्ताच १७ घ्या. दोन्ही एकाच रात्री बदललं आणि सकाळी क्वेरी मंदावल्या, तर दोष कुणाचा हे शोधण्यातच दिवस जातो.

आधी नव्या आवृत्तीची एक्स्टेन्शन्स (जोड-सुविधा) बसवा. नकाशांच्या डेटासाठीचं पोस्टजीआयएस हमखास राहून जातं. मग पीजी_अपग्रेड हे आवृत्ती बदलणारं साधन 'चेक' पर्यायाने चालवा, न सापडलेल्या लायब्ररींची यादी ते फाइलमध्ये देतं. 'लिंक' पर्याय (कॉपी न करता जुन्याच फाइली वापरणारा) झटपट आहे, पण नवा क्लस्टर (डेटाबेसचा संच) एकदा सुरू केला की जुन्यावर परत जाता येत नाही. तेव्हा बॅकअप हवाच, आणि तो रिस्टोअर करून पाहिलेला हवा. १७ वर नेताना प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत येत नाही; ॲनालाइझने ती पुन्हा गोळा केल्याशिवाय ॲप सुरू करू नये.

उत्तररात्र
अजिबात पटलं नाही. २२.०४ वरून थेट २६.०४ वर उडी मारता येत नाही, मध्ये २४.०४ लागतंच. म्हणजे तुमच्या मार्गाने चालू सर्व्हरवर तीन मोठे बदल, आणि तीनदा सेवा बंद. त्यापेक्षा २६.०४ चा नवा सर्व्हर उभारा, लॉजिकल रेप्लिकेशनने (ओळींमधले बदल सतत नव्या सर्व्हरवर पाठवत) डेटा आणा आणि काही मिनिटांत ॲप तिकडे वळवा. जुना सर्व्हर जसाच्या तसा शाबूत राहतो.

पथ्यं मात्र आहेत. सिक्वेन्सची (आपोआप क्रमांक देणाऱ्या मोजणीची) मूल्यं येत नाहीत, ती वळवण्याच्या क्षणी हाताने पुढे न्या. लार्ज ऑब्जेक्ट (टेबलांबाहेर साठवलेला मोठा डेटा) येत नाहीत. स्कीमा (टेबलांची रचना) बदलणं त्या काळात बंद. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची मुख्य ओळख) नसलेल्या टेबलांना रेप्लिका आयडेंटिटी (ओळ ओळखण्याची पर्यायी खूण) द्या, नाहीतर मूळ सर्व्हरवरच अपडेट आणि डिलीट अडतील.

विदागार
शेकडो टेबलांना प्रायमरी की नसेल तर ही पथ्यं पाळता पाळता नोव्हेंबर उजाडेल. शिवाय कोलेशनचा (मजकूर कोणत्या अक्षरक्रमाने लावायचा याचा) विषय सुटलाच. ओएससोबत जीलिबसी ही तिची मूळ लायब्ररी बदलते, तिचा अक्षरक्रम बदलला तर मजकुरावरचे इंडेक्स (शोध-सूची) गुपचूप बिघडतात: ओळ असून सापडत नाही, युनिक असूनही दुबार नोंद शिरते. १४ हे डेटाबेसच्या मूळ कोलेशनची आवृत्ती नोंदवत नाही; १५ पासून नोंदवतं आणि ओएस बदलल्यावर इशारा देतं. मग रीइंडेक्स करा (इंडेक्स पुन्हा बांधा), आणि नंतरच कोलेशनची आवृत्ती रिफ्रेश करा. उलट केलंत तर इशारा जाईल, बिघाड राहील. डेटाबेस आधी नेण्याचं हे सर्वांत भक्कम कारण आहे.

उत्तररात्र
इशाऱ्याची गरजच का पडावी? लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये इंडेक्स नव्या ओएसवरच बांधले जातात. धोका स्ट्रीमिंग रेप्लिका (इंडेक्ससकट हुबेहूब प्रत) वेगळ्या ओएसवर चालवण्यात आहे, ते कुणी करू नये.

साखळदंड
दोघांनी एप्रिल ही तारीख गृहीत धरलीय. एका एलटीएसवरून (दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर जाण्याची सूचना नवीच्या पहिल्या पॉइंट रिलीजनंतरच (सुधारित उपआवृत्तीनंतरच) येते, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये. नोव्हेंबरपर्यंत उरतात तीन महिने. जागच्या जागी नेणाऱ्यांनी विदागार यांचं ऐकावं. ओएस नेल्यावर बाहेरच्या रिपॉझिटरी बंद झालेल्या असतात. पोस्टग्रेसच्या ओळीत नव्या रिलीजचं नाव घालून ती पुन्हा चालू करा, नाहीतर डेटाबेस चालतो पण सुरक्षा अपडेट येत नाहीत.