बंदूक, साथरोग आणि अध्यक्षांचे अधिकार: अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्हांचा आक्षेप नेमका कशाला असतो?

शनिवारपेठी (प्रश्न):

गुन्हेगारी, कार्यकारी सत्ता, सार्वजनिक आरोग्य आणि बंदुका या चार विषयांवरची अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींची मते मी बरेच दिवस वाचतो आहे, पण ती एका सूत्रात ओवता येत नाहीत. दोन प्रसंग समोर ठेवतो.

पहिला सप्टेंबर २०२३ चा. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरात बेसबॉलच्या मैदानाबाहेर झालेल्या गोळीबारात अकरा वर्षांचा एक मुलगा ठार झाला. त्यानंतर दोनच दिवसांत डेमोक्रॅटिक गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी बंदुकीचा हिंसाचार ही सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी असल्याचे सांगून, ते शहर आणि भोवतालची काउंटी यांमध्ये सार्वजनिक जागी बंदूक बाळगण्यास तीस दिवसांची मनाई केली. परवानाधारकांनाही सूट नव्हती, आणि आदेश मोडल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड होता. उजव्या गोटात संताप उसळला आणि रिपब्लिकन आमदारांनी गव्हर्नरांवर महाभियोग चालवण्याची मागणी केली.

दुसरा ऑगस्ट २०२५ चा. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गुन्हेगारीची आणीबाणी जाहीर करून राजधानी वॉशिंग्टनचे पोलीस दल आपल्या हुकमाखाली घेतले आणि रस्त्यांवर नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाचे सैनिक आणले. त्याच गोटाने या वेळी टाळ्या वाजवल्या.

दोन्हीकडे गुन्हेगारीचे कारण आहे, दोन्हीकडे आणीबाणी आहे आणि दोन्हीकडे एकाच व्यक्तीची सही आहे. मग यात तत्त्व कोणते आणि सोय कोणती? कृपया पक्षीय धुळवड नको. उदाहरणांनिशी समजावून सांगावे.

डॅलसवासी:

माझा कल याच मंडळींकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यांना माझे वजन-माप करता येईल.

न्यू मेक्सिकोच्या आदेशाला केवळ उजव्यांनीच विरोध केला, हे चित्र अपुरे आहे. त्या काउंटीचे शेरीफ डेमोक्रॅटिक होते, त्यांनी अंमलबजावणीस नकार दिला. राज्याचे महाधिवक्ता डेमोक्रॅटिक होते, त्यांनी न्यायालयात आदेशाची बाजू मांडणार नसल्याचे गव्हर्नरांना लेखी कळवले. आदेशाला स्थगिती देणारे संघीय न्यायाधीश तर बायडेन यांनी नेमलेले होते. इतक्या जणांना एकच गोष्ट खटकली, ती अशी की राज्यघटनेत शब्दांनी लिहिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क आरोग्य खात्याच्या एका आदेशाने तीस दिवस गुंडाळून ठेवता येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला होता की घराबाहेर स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हाही दुसऱ्या घटनादुरुस्तीतील हक्काचाच भाग आहे.

वॉशिंग्टनची गोष्ट वेगळी आहे, कारण ते शहर कोणत्याही राज्यात मोडत नाही. त्याला स्वशासन देणारा १९७३ चा कायदा काँग्रेसने (म्हणजे अमेरिकी संसदेने) केला आणि त्यातल्याच ७४० व्या कलमात अशी तरतूद ठेवली की विशेष आणीबाणीच्या प्रसंगी अध्यक्ष महापौरांकडून पोलिसांची सेवा मागू शकतात, तीही काँग्रेसच्या पुढील मंजुरीखेरीज फक्त तीस दिवस. म्हणजे सत्ता कायद्यात लिहिलेली आहे, तिला मुदत आहे, आणि कोणाचाही घटनात्मक हक्क त्यासाठी निलंबित झालेला नाही. गुन्हे कमी होत असताना हे कशासाठी, असे विचारले जाते. खून २०२३ मधल्या २७४ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले, हे खरेच आहे; पण जेमतेम सात लाख वस्तीच्या शहरात १८७ खून हा आकडा समाधानाने सांगण्यासारखा आहे का, याचे उत्तर तिथे रात्री दुकान बंद करून घरी चालत जाणाऱ्याला विचारावे.

कलम दोन:

प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला काढायला हवे. ‘मर्यादित सरकार’ म्हणजे ‘दुर्बळ अध्यक्ष’ असे आपण धरून चालतो. अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्ह विधिज्ञांची मांडणी तशी नाही. संघराज्य सरकारचा पसारा लहान असावा, पण जी काही कार्यकारी सत्ता आहे ती अखंडपणे अध्यक्षांच्या हाती असावी, असे ते म्हणतात. त्याचा आधार राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमातले पहिलेच वाक्य: कार्यकारी सत्ता अध्यक्षाच्या ठायी निहित असेल. ज्याला मतदार घरी पाठवू शकत नाहीत अशा अधिकाऱ्याच्या हातातील सत्ता ही त्यांच्या मते खरी धोक्याची. १९८८ मध्ये मॉरिसन विरुद्ध ऑल्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अध्यक्षांना सहज काढता न येणाऱ्या स्वतंत्र अभियोक्त्याचा कायदा वैध ठरवला. न्या. स्कालिया यांनी एकट्याने त्याविरुद्ध मत लिहिले होते, तेव्हा बहुमताचे निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश रेनक्विस्ट हेही कॉन्झर्व्हेटिव्हच होते, हे आज अनेकांच्या स्मरणात नाही. त्या काळी एका न्यायमूर्तीचे असलेले ते मत आज न्यायालयाच्या बहुमताच्या विचारांचा कणा झाले आहे.

हेच मोजमाप सार्वजनिक आरोग्याला लावून पाहू. १९०५ च्या जेकबसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देवीची लस सक्तीची करण्याचा मॅसॅच्युसेट्स राज्याचा अधिकार मान्य केला. लस न टोचून घेणाऱ्याला पाच डॉलर दंड होता. तो निकाल आजही उभा आहे, कारण राज्यांना हा अधिकार मूळचाच आहे. पण १३ जानेवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या सर्व आस्थापनांवर केंद्राच्या कामगार सुरक्षा विभागाने लादलेला ‘लस घ्या, नाहीतर दर आठवड्याला चाचणी करा’ हा नियम सहा विरुद्ध तीन मतांनी रोखला. सुमारे ८ कोटी ४० लाख कामगार त्याच्या कक्षेत येत होते. त्याच दिवशी, केंद्राच्या आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवरची लससक्ती मात्र पाच विरुद्ध चार मतांनी कायम राहिली. लस दोन्हीकडे तीच होती. फरक होता तो काँग्रेसने संबंधित खात्याला नेमके काय करण्याचा अधिकार दिला आहे, याचा.

सर्वांत बोलके उदाहरण बम्प स्टॉकचे, आणि त्यावर थोडा वेळ घालवणे मला आवश्यक वाटते. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास व्हेगासच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरून संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. साठ माणसे दगावली. मारेकऱ्याच्या अनेक रायफलींना बम्प स्टॉक नावाचे उपकरण बसवलेले होते. रायफलीचा दस्ता काढून त्या जागी ते बसवतात. गोळी सुटताच धक्क्याने बंदूक मागे सरकते, पुढे धरलेल्या हाताच्या दाबाने पुन्हा पुढे येते, आणि जागच्या जागी ठेवलेल्या बोटावर चाप आपणहून आदळत राहतो. पाहणाऱ्याला ती मशीनगनच वाटते. ट्रम्प यांच्याच प्रशासनातील शस्त्रनियंत्रण खात्याने २०१८ मध्ये नियम करून या उपकरणालाच मशीनगन ठरवले, आणि मालकांना ती उपकरणे नव्वद दिवसांत नष्ट करण्यास किंवा सरकारजमा करण्यास सांगितले. त्याआधी अनेक वर्षे तेच खाते उलट सांगत होते.

टेक्सासमधील एका बंदूक-विक्रेत्याने आपल्याकडची उपकरणे जमा केली आणि दावा लावला. जून २०२४ मध्ये गारलंड विरुद्ध कारगिल खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. न्या. थॉमस यांच्या निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्यासुद्धा आहेत. युक्तिवाद एवढाच: मशीनगन म्हणजे चापाच्या ‘एकाच क्रियेने’ एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र, असे कायदा म्हणतो, इथे प्रत्येक गोळीमागे चाप पुन्हा दाबला जातो, तेव्हा बंदी हवी असेल तर ती काँग्रेसने घालावी. न्या. अलिटो यांनी वेगळे टिपण जोडून तो मार्ग मोकळा असल्याचे मुद्दाम लिहिले. बंदी रिपब्लिकन अध्यक्षाची, ती मोडणारे सहाही न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले, आणि त्यांतले तीन तर खुद्द ट्रम्प यांनी नेमलेले. याला सोय म्हणणे अवघड आहे.

शनिवारपेठी:

दोघांचेही आभार. बम्प स्टॉकचा मुद्दा मला पटला. पण ही शिस्त न्यायमूर्तींची झाली. राजकारण्यांचे काय?

जुना वार्ताहर:

तिथेच तर गोम आहे. न्यायालयातला कॉन्झर्व्हेटिव्ह आणि निवडणुकीतला कॉन्झर्व्हेटिव्ह यांना एकाच मापाने मोजले की प्रश्नकर्त्यांसारखा गोंधळ होतो, आणि डॅलसवासी यांनी तो आपल्या सोयीने तसाच ठेवला आहे.

वॉशिंग्टनला ७४० वे कलम आहे, मान्य. मग लॉस एंजेलिसचे काय? जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांचा विरोध डावलून तिथे नॅशनल गार्ड उतरवले गेले, पाठोपाठ मरीन सैनिकही गेले. लष्कराने नागरी पोलिसी कामे करू नयेत असे सांगणारा १८७८ चा कायदा याने मोडला, असा निकाल सप्टेंबरमध्ये संघीय न्यायाधीशांनी दिला. सरकारने अपील केले. राज्यांच्या स्वायत्ततेची माळ जपणाऱ्या किती सेनेटरांनी तेव्हा तोंड उघडले? विनोद असा की १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात, बंदूक खरेदीदारांच्या पार्श्वभूमीची तपासणी करण्याचे काम केंद्राने स्थानिक शेरीफांवर लादू नये, हे तत्त्व स्कालिया यांनीच प्रस्थापित केले. आणि आज स्थलांतरितांच्या धरपकडीत केंद्राला मदत नाकारणारी डेमोक्रॅटिक शहरे त्याच निकालाची ढाल पुढे करतात.

आरोग्याच्या बाबतीतही तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ॲबट यांनी कार्यकारी आदेश काढून खासगी कंपन्यांनासुद्धा आपल्या कर्मचाऱ्यांवर लससक्ती करण्यास मनाई केली. आपल्या कारखान्यात काय नियम असावा हे मालकाने ठरवावे, हा तर या पक्षाचा जुना मंत्र! तो मंत्र एका सहीने बाजूला पडला.

‘टायटल ४२’ हे आणखी स्पष्ट प्रकरण. मार्च २०२० मध्ये साथ पसरू नये या कारणाखाली सीमेवरून स्थलांतरितांना तडकाफडकी परत धाडण्याचा आदेश आरोग्य खात्याने दिला. मुखपट्टी आणि टाळेबंदी यांना जुलूम म्हणणाऱ्या राज्यांनीच, साथ ओसरल्यावरही हा आदेश चालू राहावा म्हणून २०२२ अखेर सर्वोच्च न्यायालय गाठले. त्या वेळी न्या. गोर्सच यांनी, लिबरल न्या. जॅक्सन यांच्या सोबतीने, विरोधी मत नोंदवले आणि सुनावले की सीमेवरचे संकट हे कोविडचे संकट नव्हे. एका आणीबाणीसाठी काढलेला आदेश दुसऱ्या आणीबाणीसाठी वापरत राहणे न्यायालयाला शोभत नाही.

पोलिसांबद्दलही बोलू. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी, ६ जानेवारी २०२१ च्या अमेरिकी संसद भवनावरील हल्ल्याच्या प्रकरणातील सुमारे १,५०० जणांना माफी दिली. त्यांत पोलिसांना मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेलेही होते. निवडणुकीत ट्रम्प यांना पाठिंबा देणाऱ्या पोलीस संघटनेलाही त्यावर नाराजीचे निवेदन काढावे लागले.

डॅलसवासी:

माफीबाबत मी बचाव करणार नाही, तो होण्यासारखा नाही. पण गुन्हेगारीच्या प्रश्नावर उजवे म्हणजे फक्त तुरुंग आणि दंडुका, असा समज राहू नये. २००७ मध्ये टेक्सासमध्ये नवे तुरुंग बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रिपब्लिकन विधिमंडळाने त्यातला बराच पैसा व्यसनमुक्ती, उपचार आणि देखरेखीकडे वळवला. खर्चाचा हिशेब हेच त्यामागचे मुख्य कारण. पुढे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेला संघीय तुरुंगसुधारणा कायदा याच वळणाचा होता. सेनेटमध्ये तो ८७ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला, आणि ते बाराही विरोधक रिपब्लिकन होते. म्हणजे हा वाद घरातलाच आहे.

शनिवारपेठी:

एक उपप्रश्न. न्यू मेक्सिकोचा आदेश चुकीचा होता असे धरले, तरी बंदुकीच्या हिंसाचाराकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्यालाच एवढा विरोध का? आकडे पाहता तो आरोग्याचा प्रश्न आहेच.

ओहायोची पाणपोई:

मी आरोग्य क्षेत्रात काम करते, त्यामुळे हा विरोध रोजच्या बोलण्यात ऐकते.

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. आम्हाला हा आरोग्याचा प्रश्न वाटतो तो यामुळे. समोरच्याला मात्र त्यात पुढची पायरी दिसते: आज ‘साथ’ म्हणाल, उद्या साथीचे अधिकार वापराल. हा संशय हवेतला होता, तो न्यू मेक्सिकोने खरा करून दाखवला, आणि त्याचा राग मला गव्हर्नरांवर अधिक येतो. (प्लेगच्या नावाखाली १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घेतलेल्या झडत्या ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्यांना तरी आरोग्य खात्याच्या हातातील सत्तेची ही भीती कळायला हरकत नाही.)

मात्र या भीतीपोटी झालेले नुकसानही मोठे आहे. १९९६ मध्ये काँग्रेसने अर्थसंकल्पात ‘बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी’ रोगनियंत्रण केंद्राने पैसा वापरू नये अशी ओळ घातली आणि बंदुकांवरील संशोधनावर आदल्या वर्षी खर्च झाला होता तेवढा निधी त्या केंद्राचा कापला. संशोधनावर अक्षरशः बंदी नव्हती; पण इशारा पुरेसा होता, आणि या विषयासाठी खास निधी पुन्हा मिळायला २०१९ चा डिसेंबर उजाडला, तोही २ कोटी ५० लाख डॉलर. ज्यांच्या नावाने ती ओळ ओळखली जाते त्या जे डिकी या रिपब्लिकन सदस्यांनीच नंतर जाहीरपणे लिहिले की हे संशोधन व्हायला हवे.

आदेशाऐवजी कायद्याचा रस्ता धरला तर उजव्यांचे राज्यही हलते, याचे उदाहरण फ्लोरिडा. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलँडच्या शाळेत सतरा जण मारले गेले. तीन आठवड्यांच्या आसपास रिपब्लिकन विधिमंडळाने कायदा केला आणि रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी त्यावर सही केली. रायफल आणि इतर लांब बंदुका विकत घेण्याचे वय १८ वरून २१ झाले, आणि धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडून शस्त्रे तात्पुरती काढून घेण्याची सोय झाली. हे काढून घेणे आरोग्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. पोलिसांनी अर्ज करायचा, न्यायाधीशांसमोर सुनावणी व्हायची. वयाची अट पुन्हा खाली आणण्याची विधेयके तिथल्या कनिष्ठ सभागृहाने नंतर मंजूर केली, पण रिपब्लिकनांच्याच ताब्यातील सेनेटने ती पुढे जाऊ दिली नाहीत.