शब्दचर्चा : आजाराची 'प्रगती' की वाढ?

प्रश्न : कंपवातावरील (पार्किन्सन) माहितीपत्रकाचे भाषांतर करताना मी 'रोगाच्या प्रगतीचे रक्तातील जैवचिन्हक' (बायोमार्कर, म्हणजे आजाराची माहिती देणारा शरीरातील मोजता येणारा घटक) अशी रचना केली आहे. ती योग्य वाटते का?

उत्तर : 'जैवचिन्हक' चालू शकेल, परंतु 'प्रगती' हा शब्द कृपया काढून टाकावा. आपल्याकडे प्रगती अभ्यासात होते, शाळेतून प्रगतिपुस्तक येते. शब्द ऐकताच मनात चांगलेच येते. माझ्या सासऱ्यांना कंपवात आहे. त्यांच्या कागदावरील 'आजाराची प्रगती मंद' ही ओळ वाचून सासूबाईंचा चेहरा उतरला, कारण 'सुधारणा फार हळू होत आहे' असा अर्थ त्यांनी घेतला. लिहिणाऱ्याला मात्र दुखणे सावकाश वाढत आहे, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट सांगायची होती. 'रोगवाढ' म्हटले तर साथ पसरल्याचा भास होतो. म्हणून नाम घडवण्याऐवजी 'आजार किती वाढला' असे क्रियापदानेच सांगावे.

आता 'चिन्हका'कडे वळतो. खूण ही एखादी गोष्ट आहे किंवा नाही एवढेच सांगते, तर वाढ दाखवणाऱ्या घटकाचे प्रमाण आजाराबरोबर बदलावे लागते. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाची चुकीची घडी शोधणारी चाचणी पहिल्या प्रकारची आहे. तिच्यासाठी 'खूण' हा शब्द चपखल बसतो. न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन मज्जातंतूंना इजा झाली की त्यांतून पाझरते आणि त्याचा अत्यल्प अंश रक्तात उतरतो, जो मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजतात. त्याला मी 'दर्शक' म्हणेन. मात्र ते वयानुसारही वाढते आणि मज्जासंस्थेच्या इतर आजारांतही वाढते, म्हणून 'कंपवाताचा दर्शक' असे न लिहिता 'मज्जातंतूंच्या हानीचा दर्शक' असेच लिहावे. आजार कुठवर आला हे डॉक्टर अजूनही मुख्यतः रुग्णाला तपासूनच ठरवतात. 1967 साली होन आणि यार या डॉक्टरांनी मांडलेल्या आजाराच्या 5 पायऱ्या आजही वापरात आहेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 'आजार किती वाढला हे दाखवू शकतील असे रक्तातील दर्शक' अशी दुरुस्ती करतो. रचना लांबली, पण सासूबाईंसारख्या वाचकाला ती अडणार नाही. 'आजाराची प्रगती' पत्रकात आणखी 4 ठिकाणी आहे, तीही आजच बदलतो.