मदत हवी आहे: आजार आटोक्यात आला, आता स्टेरॉइडचे दुष्परिणाम कसे निभावायचे?

आमच्या भुरी या कुत्रीला (वय ९, वजन १८ किलो) आयएमएचए हा रक्ताचा आजार झालाय. तिची प्रतिकारशक्ती तिच्याच तांबड्या पेशी फोडत सुटली होती. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी तपकिरी आणि पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) १४. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो, त्यावरून अंदाज येईल. रक्त चढवावं लागलं. आता पीसीव्ही ३८ वर आलाय. डॉक्टर खूश आहेत, आम्हीही आहोत. पण घरात झोप कुणाचीच होत नाहीये, म्हणून हा धागा.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोला २ मिग्रॅ रोज असं सुरू झालं होतं, नुकताच पहिल्यांदा पाव हिस्सा कमी केलाय. शिवाय रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेलची अर्धी गोळी. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हे पक्कं माहीत आहे: बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्यामुळे शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं थांबवलेलं असतं. त्यामुळे "बंद करून बघा" हा सल्ला कृपया नको, तो घरच्यांकडून भरपूर मिळतोय.

सगळ्यात मोठा प्रश्न पाणी आणि लघवीचा. दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी पिते. किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं की जास्तच समजतात, म्हणजे आम्ही ती रेषा ओलांडलीय. रात्री दोन-तीनदा बाहेर न्यावं लागतं आणि तरी मध्येच कुठेतरी होतं. इतकी वर्षं घरात एक थेंब न सांडलेली कुत्री ही. झालं की कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसते. आम्ही कुणी रागावत नाही, पण तिला कोण समजावणार? सासूबाई म्हणतात संध्याकाळी सातनंतर भांडं उचलून ठेव. मला ते पटत नाही, पण रात्री तीनला फरशी पुसताना मोह होतो, खोटं कशाला बोलू.

दुसरं म्हणजे भूक. नुसती भूक नाही, वखवख. कचऱ्याचा डबा दोरीने बांधलाय. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती ताटलीवरून माझ्या मुलावर गुरगुरली. मुलगा सात वर्षांचा आहे, आणि भुरी त्याच्याआधीपासून या घरात आहे. मला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. आता ती दाराआड एकटी जेवते.

रात्री धापा टाकते, पंखा सुरू असला तरी. पोट सुटलंय, मांड्या वाळल्यात, डोक्याची हाडं हाताला लागतात. पाहुणे म्हणतात, "वा, तब्येत सुधारली!" मागचे पाय जिन्यावर दगा देतात. एकाने त्यासाठी वेदनाशामक द्यायला सुचवलं, ते अर्थातच दिलं नाही.

विचारायचंय ते असं: यातलं काय डोस उतरल्यावर जातं आणि किती वेळ घेतं? रात्रीची व्यवस्था तुम्ही कशी लावलीत? दुसरं औषध जोडून स्टेरॉइड लवकर कमी करा, असं डॉक्टरांकडे मागणं रास्त आहे का? आणि क्लोपिडोग्रेलची गोळी तोडली की इतकी कडू लागते की तोंडाला फेस येतो, त्यावर काही?

प्रतिसाद

पाणी अजिबात तोडू नका. लघवी आधी वाढते, तहान तिच्या मागून येते. पाणी तोडलं तरी लघवी होतच राहते आणि कुत्रं कोरडं पडतं. आमच्याकडे डॉक्टरांना विचारून दोन वेळचा डोस एकत्र करून सकाळी दिला, रात्री बऱ्याच सुसह्य झाल्या. क्लोपिडोग्रेल रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्या.

आमच्या बोक्याची तहान-भूक डोस उतरताना काही आठवड्यांत ओसरली. स्नायू आणि केस यायला मात्र महिने लागले. वेदनाशामक दिलं नाहीत ते उत्तम. मेलॉक्सिकॅमसारखं काही स्टेरॉइडबरोबर गेलं तर पोटात व्रण होऊ शकतो. शी डांबरासारखी काळी दिसली तर सकाळची वाट बघायची नाही.

प्रतिसाद

दुसऱ्या औषधाचं जरूर विचारा, हक्काने. आम्हाला अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं होतं. फुकटात काही मिळत नाही: यकृत आणि अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं, आणि गोळी हातमोजे घालून, न तोडता द्यायची. घरात लहान मूल आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. पण घाईने स्टेरॉइड उतरवलं तर आजार उलटतो. साधारण तीन आठवड्यांनी पाव हिस्सा, तोही पीसीव्ही टिकला तरच, असं आमचं चाललं.

आणखी एक, घरात होणारी लघवी सगळी औषधामुळेच आहे असं धरू नका. स्टेरॉइडवर मूत्रमार्गाचा संसर्ग लपून राहतो, कारण जळजळ दिसतच नाही. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलंय का?

धागाकर्ती

नाही केलंय! साधी तपासणी झाली होती फक्त. उद्याच विचारते. नमुना घरून नेला तर चालेल का?

प्रतिसाद

कल्चरसाठी शक्यतो पोटातून सुईने थेट मूत्राशयातून घेतात, घरच्या नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळतात. निघण्याआधी तिला फिरवू नका, मूत्राशय भरलेलं लागतं. आणि नमुना कोणीही घेत असो, सुई लावण्याआधी क्लोपिडोग्रेल चालू असल्याचं तोंडाने सांगा.