सरपटी चेंडूचा सराव

ताई, सॉफ्टबॉल खेळताना लेकीच्या हातून सरपटी चेंडू सुटतात म्हणून लगेच महागडा ग्लोव्ह घेऊ नका. आपल्याकडच्या जांभ्याच्या मैदानावर खड्याला लागून चेंडू ऐन वेळी उसळतो, मुलं घाबरून मान वळवतात. खरा घोळ तिथे आहे. ओहोटीला गुहागरच्या किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूत टेनिसच्या चेंडूने सराव करून घ्या. ग्लोव्ह घरीच राहू दे, खाऱ्या पाण्याने चामडं कडक होतं. गुडघे वाकवून हाताचे पंजे आधीच वाळूला टेकलेले हवेत आणि चेंडू हातात शिरेपर्यंत नजर त्याच्यावरच. दोन बेसमधलं, म्हणजे धावताना गाठायच्या दोन टप्प्यांमधलं, अंतर जेमतेम ६० फूट. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या खेळाडूच्या, हातून चेंडू एकदा निसटला की धावणारी पोचलीच. पिचिंगची, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकायची, घाई मात्र नको, खांदा अजून कोवळा आहे तिचा.